अपहरणाची बातमी आणि स्थानिक वृत्तवाहिनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे बातमी घ्यायची का आणि कुणाला कुठे पाठवायचं हे ठरतं त्या टेबलावर, मी बरीच वर्षं काढली. या खुर्चीचं वैशिष्ट्य असं की फोन पहिला आपल्याकडे वाजतो आणि शिव्याही पहिल्या आपल्यालाच बसतात. अपहरणाची बातमी लागली की ओळखीचे लोक, पत्रकारितेचे विद्यार्थी, कधी कधी पोलिसही तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. वाहिन्यांची वकिली करायची नाही. जिथे चूक आमची होती तिथे तसं लिहिलंय.

मुलाला पळवल्याचं तुम्हाला सकाळीच कळलं होतं म्हणे. मग बातमी संध्याकाळी का लागली?

खंडणीचा फोन आला होता म्हणून. असा फोन करणारा एक वाक्य हमखास बोलतो: पोलिसांना कळवलंत तर मुलाचं बरंवाईट होईल. घरच्यांनी तरीही धीर करून पोलिसांना कळवलेलं असतं. अशा वेळी आमची पट्टी पडद्यावर धावली, तर ती त्याच्यासाठी पोचपावतीच ठरते. घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली आहे, हे त्याला आमच्याकडूनच कळतं.

हा धडा जपानने फार महागात घेतला. १९६० साली टोकियोत सात वर्षांच्या मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं. वृत्तपत्रांनी तपासाच्या बातम्या छापल्या आणि त्या वाचून आरोपी बिथरला. मुलाचा जीव गेला. त्यानंतर तिथे माध्यमं आणि पोलीस यांच्यात वृत्तांकन कराराची पद्धत रुळली. खंडणीसाठी अपहरण झालं आणि जिवाला धोका असला की सगळी माध्यमं एकत्र थांबतात, आणि त्या बदल्यात पोलीस त्यांना तपासाची माहिती वेळोवेळी देत राहतात. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे आणि इतरत्र तोच विसरला जातो. पत्रकाराला नुसतं ‘थांबा’ म्हटलं की तो थांबत नाही, तो दुसऱ्या दाराने आत शिरतो.

गंमत म्हणजे आपल्या माणसावर वेळ आली की हाच संयम माध्यमांना चटकन जमतो. न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार डेव्हिड रोड यांचं नोव्हेंबर २००८ मध्ये अफगाणिस्तानात अपहरण झालं. जून २००९ मध्ये ते निसटून येईपर्यंत, म्हणजे तब्बल सात महिने, मोठ्या माध्यमांनी ही बातमी दाबून धरली. विकिपीडियावरही ती टिकू दिली गेली नाही. बातमीदारासाठी सात महिने थांबता येतं, तर कुणाच्या लेकरासाठी सात तास का नाही, हा सवाल तेव्हा अनेकांनी केला. त्याचं समाधानकारक उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

आमच्या डेस्कवर मी एक पद्धत पाडली होती. तपास अधिकारी ‘थांबा’ म्हणाला की लगेच विचारायचं, किती वाजेपर्यंत? वेळ ठरली तर थांबणं सोपं जातं. वेळ नसली की दर वीस मिनिटांनी वरून फोन येतो, ‘दुसऱ्यांनी लावलं तर?’ आणि कुणीतरी लावतोच.

मग लगेच दाखवणं कधी योग्य?

खंडणीचा फोन नाही, मूल लहान आहे, कुणीतरी नेताना पाहिलंय आणि गाडीचं किंवा माणसाचं वर्णन हाताशी आहे. अशा वेळी एक मिनिटही दवडायचं नाही.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं. जानेवारी १९९६ मध्ये तिथे अँबर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला सायकल चालवत असताना पळवलं गेलं. शेजाऱ्याने पाहिलं होतं, काळा पिकअप ट्रक होता हेही सांगितलं होतं. चार दिवसांनी तिचा मृतदेह एका ओढ्यात मिळाला. वादळाचा इशारा जर टीव्ही-रेडिओवर कार्यक्रम तोडून देता येतो, तर हा इशारा का देता येत नाही, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि डॅलस-फोर्टवर्थ भागातली प्रसारण केंद्रं आणि पोलीस यांनी मिळून ‘अँबर अलर्ट’ सुरू केला. २००३ मध्ये त्याला अमेरिकेत देशपातळीवर कायद्याचं बळ मिळालं.

अलर्टचे निकष मात्र कडक आहेत, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहेत: अपहरणच झालंय अशी पोलिसांची खात्री, जिवाला धोका, लोकांनी ओळखावं इतकं वर्णन, आणि वय सतरा किंवा त्याखाली. रोज तीन इशारे वाजले तर चौथ्याला कुणी मान वर करून बघत नाही.

इथे एक आकडा सर्रास चुकीचा फिरवला जातो. वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाच्या अभ्यासाचा दाखला देऊन अँकर म्हणतात की ‘पळवलेल्या मुलांपैकी ७६ टक्के मुलं तीन तासांत मारली जातात’. तो आकडा पळवलेल्या सगळ्या मुलांचा नाही. अपहरणानंतर ज्यांचा खून झाला, फक्त त्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्के पहिल्या तीन तासांत गेली, एवढंच त्यात म्हटलंय. पळवलेली बहुतेक मुलं जिवंत परत येतात. घरात टीव्हीसमोर बसलेल्या आईच्या कानावर हा आकडा कसा पडतो, याचा विचार करा आणि मगच तो उच्चारा.

‘बेपत्ता’ आणि ‘अपहरण’, तुम्ही हे शब्द कसे ठरवता?

खरं सांगायचं तर पट्टी लिहिणारा पोरगा ठरवतो, आणि त्याला ‘अपहरण’ हा शब्द जास्त आवडतो.

ठरवायला हवं ते तक्रारीतल्या कलमावरून आणि अधिकाऱ्याशी बोलून. पण कलमही फसवं असतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानंतर भारतात मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा लागतो, आणि तो सहसा अपहरणाच्या कलमाखालीच नोंदवला जातो. म्हणजे कागदावर ‘अपहरण’ असलेलं मूल परीक्षेच्या भीतीने मामाकडे गेलेलं असू शकतं. आईबापांच्या ताब्याच्या भांडणात बाप मुलाला घेऊन गेलेला असू शकतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून निघून गेलेली असू शकते, आणि त्या प्रकरणात टीव्हीवर तिचा फोटो झळकवणं हाच तिच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असू शकतो. म्हणून नक्की कळेपर्यंत ‘बेपत्ता’. शब्द फिका वाटतो, पण दुसऱ्या दिवशी मागे घ्यावा लागत नाही.

फोटो कसा असावा?

चेहरा सरळ, अलीकडचा, दात दिसतील असा. घरचे हटकून वाढदिवसाचा किंवा लग्नातला नटलेला फोटो देतात, कारण त्यांना लेकरू तसं आठवायचं असतं. त्या फोटोवरून रस्त्यावर मळक्या टीशर्टातलं पोर कुणी ओळखत नाही. शाळेच्या ओळखपत्रावरचा कंटाळवाणा फोटो सगळ्यात उपयोगी. सोबत उंची, शेवटचे कपडे, बोलण्यातली लकब. फोटोत दुसरी भावंडं असतील तर ती कापून टाका. आम्ही एकदा ती राहू दिली आणि धाकट्या बहिणीलाच लोक रस्त्यात अडवू लागले.

काल दिवसभर चेहरा दाखवत होतात, आज मूल सापडलं तर चेहरा धूसर करता. हा काय ढोंगीपणा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त चिडून विचारला जातो. यात ढोंग नाही. उलट हे करायला आम्ही फार उशीर करतो, एवढंच.

मूल सापडेपर्यंत त्याचा चेहरा हे शोधाचं हत्यार असतं. जितके डोळे पाहतील तितकं चांगलं. मूल सापडलं त्या क्षणी तोच चेहरा, तेच नाव, तीच शाळा त्याच्या मानेवर बसते. मधल्या काळात त्याच्याबरोबर काय झालं हे त्याचं त्याने ठरवायचं, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही. पण आपण त्याच्या नावाची दवंडी आधीच पिटलेली असते. आता बातमीत ‘वैद्यकीय तपासणीत’ एवढे दोन शब्द जरी आले, तरी सगळ्या गल्लीला अर्थ कळतो.

कायदाही याच बाजूने आहे. भारतात बाल न्याय कायदा २०१५ मधलं कलम ७४ गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ वेगळं लागतं. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेला आयुष्यभर अनामिकता दिली आहे, काल नाव छापलं असलं तरी. ‘आता सगळ्यांना माहीतच आहे’ हा बचाव न्यायालयात चालत नाही, आणि माणुसकीतही चालू नये.

पण न्यूजरूममध्ये प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. एका प्रकरणात मुलगी सापडल्याचा फोन मला रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी आला. बुलेटिन सुरू होतं. मी पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपण नियंत्रण कक्षात, धावत जाऊन सांगितलं, नाव काढा, फोटो काढा. अँकरच्या कानात सूचना गेली, तिने पुढच्या वाक्यापासून ‘ती मुलगी’ म्हणायला सुरुवात केली. व्वा. तेवढ्यात खालच्या पट्टीत पूर्ण नाव सरकत गेलं, कारण पट्टीचं मशीन दुसऱ्या खोलीत आणि तिथला माणूस जेवायला उठलेला. पट्टी काढली तर अँकरच्या मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो तसाच, कारण ते ग्राफिक सकाळीच ‘दिवसभर’ म्हणून लावून ठेवलेलं. ते काढलं तर ब्रेकमध्ये रात्री दहाच्या कार्यक्रमाचा प्रोमो आला, त्यात आईच्या हातात तोच फोटो. मग युट्यूबचं थंबनेल, मग सोशल मीडियावरच्या सकाळपासूनच्या अकरा पोस्ट. सगळं साफ व्हायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत सापडल्याच्या आनंदाने बातमी जितक्या लोकांनी शेअर केली, तितकी शोधाच्या दोन दिवसांत केली नव्हती.

तेव्हापासून आम्ही शोधमोहीम सुरू होतानाच ‘उलटी यादी’ बनवायला लागलो: फोटो कुठे कुठे लावलाय त्याची. लावणाऱ्याने त्यात नोंद करायची. सापडल्याचा फोन आला की यादी वरून खाली पुसत जायची. सहा वेळा वापरली, दोनदा कुणीतरी नोंद करायला विसरलं.

घटनास्थळावरून थेट दाखवल्याने बिघडतं काय? लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे.

आहे. पण टीव्ही सगळ्यांनाच दिसतो.

थेट प्रक्षेपणाचा इतिहासच एका अपहरणाशी जोडलेला आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये वृत्तपत्रसम्राट हर्स्ट घराण्यातली पॅटी हर्स्ट हिचं कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमधून अपहरण झालं. त्याच वर्षी १७ मे रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका घराला पोलिसांनी वेढा घातला. अपहरण करणाऱ्या गटाचे सहा जण आत होते. केएनएक्सटी या स्थानिक स्टेशनकडे नुकताच आलेला मिनिकॅम, म्हणजे हातात धरता येणारा हलका कॅमेरा, होता. त्यावरून गोळीबार आणि घराला लागलेली आग लोकांनी घरबसल्या, घडत असताना पाहिली. घरात पॅटी आहे की नाही, हे ना पोलिसांना माहीत ना स्टेशनला. ती नव्हती. डिस्नेलँडजवळच्या एका मोटेलमध्ये बसून ती तेच प्रक्षेपण टीव्हीवर पाहत होती. स्थानिक टीव्हीच्या या गाजलेल्या थेट प्रक्षेपणाच्या प्रेक्षकांत खुद्द प्रकरणातलीच व्यक्ती होती, आणि ही गोष्ट त्यानंतर पुन्हा पुन्हा घडत आली आहे.

२३ ऑगस्ट २०१० ला फिलिपिन्सच्या मनिलात एका बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ओलीस धरली. त्या बसमध्ये टीव्ही होता. बाहेर पोलीस त्याच्या भावाला फरफटत नेतायत हे त्याने त्याच पडद्यावर थेट पाहिलं. तोवर बोलणी बरी चालली होती. त्यानंतर ती कोलमडली आणि आठ पर्यटक मारले गेले. पोलिसांच्या चुका ढीगभर होत्या, पण कॅमेऱ्याचा वाटा कुणी नाकारला नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना याच कारणावरून फटकारलं: सुरक्षा दलांची हालचाल पडद्यावर दिसत होती आणि सूत्रधार ती पाहून आतल्यांना सूचना देत होते. २०१५ पासून भारतात दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला केबल टीव्हीच्या नियमांनीच बंदी आहे, अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवता येते.

साध्या अपहरणाला हा नियम लागू नाही. तिथे डेस्कवरच्या माणसाचं डोकं हाच नियम. एकदा आमच्या स्ट्रिंगरने, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या बातमीदाराने, एका गल्लीचं दृश्य पाठवलं. वरवर पाहता काहीच नव्हतं: एक भाजीवाला, दोन तरुण मोटारसायकलला टेकून उभे, एक रिकामी जीप. मी दृश्य दोनदा पाहिलं. दोघा तरुणांचे केस सारखे कापलेले, बूट सारखेच, तपकिरी. साध्या कपड्यातले शिपाई. ते दृश्य चाललं असतं तर समोरच्या इमारतीत बसलेल्याला खिडकीतून डोकवायचीही गरज उरली नसती. आम्ही त्याऐवजी पोलीस ठाण्याची पाटी दाखवत राहिलो. प्रेक्षकांना कंटाळा आला असेल. येऊ दे.

एक छोटी तांत्रिक गोष्ट. खूप वाहिन्या ‘थेट’ म्हणून जे दाखवतात ते काही सेकंद किंवा मिनिटं उशिरा सोडता येतं. पडद्यावरचा फरक प्रेक्षकाला कळतही नाही. हा उशीर ठेवायला पैसा नाही, इच्छा लागते.

अपहरण करणाऱ्यानेच वाहिनीला फोन केला तर?

रेकॉर्डिंग सुरू करा, शांत राहा, ओलीस व्यक्ती ठीक आहे का एवढं विचारा, आणि पोलिसांना कळवा. प्रक्षेपणावर घेऊ नका. कधीही नाही.

पश्चिम जर्मनीत ऑगस्ट १९८८ मध्ये ग्लाडबेकची बँक लुटून दोन दरोडेखोर ओलिसांसह ५४ तास फिरत होते. वाटेत त्यांनी बसही पळवली. कोलोनच्या भर रस्त्यात त्यांची गाडी पत्रकारांनी घेरली होती, बंदूक मुलीच्या गळ्याला लावलेली आणि समोर माइक. एक पत्रकार तर त्यांना शहराबाहेरची वाट दाखवायला गाडीत बसून गेला. शेवटी दोन ओलीस आणि एक पोलीस जिवानिशी गेले. जर्मन प्रेस कौन्सिलने त्यानंतर गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही असा नियम केला.

वीस वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, ब्राझीलच्या सांतो आंद्रे शहरात तीच चूक. एका तरुणाने १५ वर्षांच्या पूर्वप्रेयसीला तिच्याच घरात शंभराहून जास्त तास कोंडून ठेवलं. एका दुपारच्या टीव्ही कार्यक्रमाच्या निवेदिकेने त्याला फोन लावून थेट गप्पा मारल्या. बोलणी करणाऱ्या पोलिसांचं कामच हे असतं की बाहेरच्या जगाशी त्याचा एकच दोरा राहावा आणि तो आपल्या हातात राहावा. टीव्हीने त्याला दुसरा दोरा दिला, वर प्रसिद्धीही दिली. मुलगी वाचली नाही.

पत्रकाराने कधीच मध्ये पडू नये का? एक अपवाद सगळ्यांना आठवतो. ३० जुलै २००० ला वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं, तेव्हा ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाचे संपादक गोपाल कर्नाटक आणि तमिळनाडू या दोन्ही राज्य सरकारांचे दूत म्हणून जंगलात जाऊन येत होते. १०८ दिवसांनी राजकुमार सुटले. पण गोपाल तिथे सरकारने पाठवलेला माणूस म्हणून गेले होते, बुलेटिनची सोय म्हणून नाही. आणि त्यांच्या त्या भूमिकेवरूनही पुढे वाद झालेच.

आईवडिलांना कॅमेऱ्यासमोर रडायला लावणं क्रूरपणा नाही का?

अनेकदा आहे. पण प्रत्येक वेळी कॅमेरा आमच्या हट्टाने लागत नाही. पुष्कळदा पोलीसच आईला बोलायला लावतात, कारण मुलाला नावाने हाक मारणारी आई ऐकली की पळवणाऱ्याला ते ‘सामान’ न वाटता माणूस वाटावं, अशी आशा असते. अशा आवाहनात काय बोलायचं, काय नाही, हे आधी ठरलेलं असतं. आम्ही मध्येच ‘तुम्हाला कुणावर संशय आहे का?’ विचारलं की ते सगळं उधळलं जातं.

पोलीस त्या वेळी आणखी एक गोष्ट करत असतात, ती म्हणजे आईबापांकडे बघणं. इंग्लंडमधल्या ड्यूसबरीत २००८ साली नऊ वर्षांची मुलगी हरवली, आई टीव्हीवर टाहो फोडत होती. २४ दिवसांनी मुलगी सापडली आणि त्याच वर्षी आई स्वतःच त्या कटात दोषी ठरली. हे सांगितलं की लगेच काही अँकर ‘आईच्या डोळ्यांत पाणीच नव्हतं’ छापाची चर्चा सुरू करतात. दुःखात कोण कसा दिसतो यावरून काहीही सिद्ध होत नाही. मी पाहिलेली सगळ्यात खचलेली आई कॅमेऱ्यासमोर हवामानाची बातमी वाचावी तशी बोलली होती. माइकची वायर मात्र तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोलणं संपल्यावर कॅमेरामनला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हणजे कोण?

चांगल्या दिवशी तपास पथकातला अधिकारी. वाईट दिवशी पोलीस ठाण्याबाहेर उभा असलेला दुसऱ्या वाहिनीचा बातमीदार, ज्याचं सूत्र आपण असतो.

शेजाऱ्यांचे बाइट (कॅमेऱ्यासमोरची दोन-चार वाक्यं) का दाखवता? त्यांना काय माहीत?

बहुतेकदा काहीच नाही. ‘शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात’ हे वाक्य आरोपीबद्दलही येतं आणि पीडिताबद्दलही. तरी बाइट घेतले जातात, कारण दुसरी दृश्यं नसतात आणि बुलेटिनला पोट असतं.

कधी शेजारी खराखुरा साक्षीदार निघतो. मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये दहा वर्षांच्या आसपास कोंडून ठेवलेल्या तीन स्त्रिया सुटल्या, तेव्हा दार उघडायला मदत करणाऱ्या शेजाऱ्याची स्थानिक स्टेशनने घेतलेली मुलाखत जगभर फिरली. पण कशी? त्याच्या बोलण्याच्या ढंगाची गाणी आणि विनोद होऊन. आठवडा उलटायच्या आत त्याचा जुना गुन्हेगारी इतिहास उकरून झाला.

याहून वाईट म्हणजे शेजाऱ्यालाच आरोपी ठरवणं. २००७ साली पोर्तुगालमध्ये ब्रिटिश मुलगी हरवली तेव्हा मदतीला धावलेल्या एका स्थानिक रहिवाशाचं वागणं एका पत्रकाराला ‘विचित्र’ वाटलं, तिने पोलिसांना कळवलं, आणि मग त्याच्या आयुष्याची चाळण झाली. तो निर्दोष होता. २००८ मध्ये ११ ब्रिटिश वृत्तपत्रांनी मिळून त्याला सहा लाख पौंड दिले आणि माफी मागितली. संशयित ताब्यात आहे म्हणजे आरोपी सापडला नव्हे, हे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो आणि पहिल्याच ब्रेकिंगला विसरतो.

एका मुलासाठी दिवसभर बातम्या, दुसऱ्यासाठी एक ओळ नाही. का?

अमेरिकन पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये याला नाव दिलं होतं: हरवलेल्या गोऱ्या स्त्रीचा आजार. कातडीच्या रंगाच्या जागी आपापल्या समाजातली उतरंड घाला, आजार तोच. फोटोत हसरं, नीटनेटकं मूल, बोलू शकणारे आईबाप, ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) पोहोचेल असं घर, या तीन गोष्टी जुळल्या की बातमी ‘मोठी’ होते. ज्यांच्याकडे मुलाचा फोटोच नाही त्यांची बातमी सुरूच होत नाही. डेस्कवर कुणी ‘गरिबाची बातमी नको’ असं म्हणत नाही हो. ‘व्हिज्युअल्स काय आहेत?’ एवढंच विचारतात. परिणाम तोच.

सीसीटीव्हीचं फुटेज पन्नासदा का दाखवता? लाल वर्तुळ काढून?

लाल वर्तुळ काढायला ग्राफिक्सवाल्याला आवडतं म्हणून. फुटेजचा उपयोग मात्र खरा आहे, ते कशासाठी दाखवतोय हे सांगितलं तर. १९६३ मध्ये टोकियोत चार वर्षांच्या मुलाला पळवणाऱ्याचा फोनवरचा आवाज पोलिसांनी टीव्ही-रेडिओवर ऐकवला: हा आवाज कुणी ओळखता का? लोकांनी ओळखीच्या आवाजांची नावं कळवली, आणि आरोपी १९६५ मध्ये पकडला गेला. मूल मात्र केव्हाच गेलं होतं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एलिझाबेथ स्मार्टच्या प्रकरणात उलट झालं. जून २००२ मध्ये तिला घरातून पळवलं, पुढे संशयिताचं चित्र टीव्हीवर दाखवलं गेलं आणि मार्च २००३ मध्ये रस्त्यावर लोकांनी त्याला ओळखलं. नऊ महिन्यांनी ती जिवंत घरी आली.

मुलाला फरफटत नेतानाची दोन सेकंदं पन्नासदा दाखवून यातलं काहीच साधत नाही. त्याऐवजी फ्रेम थांबवा, गाडीचा मागचा दिवा फुटलेला दिसतोय तो दाखवा.

मला काही माहिती असेल तर वाहिनीला कळवू का?

आधी पोलिसांना. भारतात ११२ किंवा मुलांसाठी १०९८. आम्हाला कळवलंत तर आम्ही आधी तुमचा बाइट घेऊ, मग पोलिसांना सांगू. क्रम चुकीचा आहे, पण असाच आहे.

घटनेचं नाट्यरूपांतर आणि ते धडधड संगीत?

नको. याला याहून लांब उत्तर लागत नाही.

आमच्या मुलीची जुनी बातमी अजून नेटवर आहे. ती काढून मिळेल का?

मिळू शकते. पण ‘बातमी काढा’ एवढंच लिहिलेला मेल कुणीतरी ‘बघतो’ म्हणून बाजूला ठेवतो. प्रत्येक व्हिडिओची लिंक वेगळी द्या. नाव किंवा चेहरा कोणत्या मिनिटाला येतो ते लिहा. थंबनेल आणि शीर्षक वेगळं नमूद करा, कारण व्हिडिओतला चेहरा धूसर करून थंबनेल तसंच ठेवण्याचा प्रताप आम्ही केलेला आहे. मुलगी तेव्हा अल्पवयीन होती हे आणि कलम ७४ चा उल्लेख पहिल्या ओळीत टाका. मेल संपादकाला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दोघांना. भारतातल्या वाहिन्यांना असा अधिकारी नेमावा लागतो.

काही जणी मोठ्या होऊन स्वतःच बोलायचं ठरवतात. ऑस्ट्रियात दहाव्या वर्षी पळवली गेलेली नताशा काम्पुश आठ वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये निसटली आणि दोन आठवड्यांनी तिने टीव्हीवर मुलाखत दिली, कशाबद्दल बोलणार नाही हे आधी सांगून. तो तिचा निर्णय होता. मला मेल करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तसं काही नको असतं. एकीने लिहिलं होतं, आता नोकरीसाठी मुलाखतीला जायचंय, समोरचा माझं नाव शोधेल. आम्ही आमच्याकडचे सातही व्हिडिओ त्याच दिवशी काढले. आठवा कुणीतरी आमच्या पट्टीसकट डाउनलोड करून आपल्या खात्यावर टाकलेला होता. त्याला तीनदा लिहिलं. तो व्हिडिओ अजून तिथेच आहे, आणि कोपऱ्यात लोगो आमचा आहे.